नुसत्या चार खिडक्या

सोमवार, ९ सप्टेंबर

शेजारची बेव्ह म्हणाली, रोजचं लिहून ठेव. किती घरं झाली, कधी सुरू केलं, कधी संपलं, व्हॅन कुठे कुठे फिरली, सगळं. म्हणून ही डायरी. शिड्या विकणाऱ्या दुकानाने जानेवारीत फुकट दिली होती, तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून होती. आधीचे आठ महिने कोरे आहेत. तसंही त्या आठ महिन्यांत लिहिण्यासारखं एकच घडलं, आणि ते जुलैत.

आज नऊ घरं. साडेनऊ ते पावणेतीन. बंदरामागच्या गल्लीतली सहा, फ्लॅम्बरोच्या रस्त्यावरची तीन. वारा समुद्राकडून, म्हणजे काचांवर मिठाचा थर, म्हणजे एकेक खिडकी दोनदा.

लिहायचं होतं ते एवढंच. पण पान मोठं आहे.

तर जुलैत माझा नवरा, स्कॉट, सोडून गेला. भांडण नाही, तंटा नाही. कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांत, गॅस बसवायच्या कामाला डॉनकास्टरला जात होता, एक दिवस आला आणि म्हणाला, मी आता तिकडेच राहतो. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, शाई फुकट येत नाही. घरभाडं आणि मोठे खर्च त्याच्या पगारातून व्हायचे, माझे खिडक्यांचे पैसे वरखर्चाला. चारचौघांत म्हणायचा, "हेलीचं काय, बादली घेऊन नुसत्या चार खिडक्या पुसते, तेवढाच तिचा वेळ जातो." लोक हसायचे. मीही हसायचे.

आता त्या चार खिडक्यांवर घर चालवायचंय.

मार्नीची शाळा सुरू झाली. नवे बूट घेऊ या का म्हटलं, तर म्हणाली, गेल्या वर्षीचेच ठीक आहेत. आठ वर्षांची पोर, पण समज बघा.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सात घरं. नऊ ते दीड. मग पाऊस. पावसात खिडक्या पुसल्या तरी काही बिघडत नाही, पण गिऱ्हाइकाला ते पटत नाही.

बेव्ह मार्नीच्याच शाळेच्या किचनमध्ये कामाला आहे. कुंपणावरून म्हणाली, "सरकारी मदतीचा अर्ज केलास का?"

म्हटलं, "ती घरी बसणाऱ्यांसाठी असते."

"कोणी सांगितलं तुला? काम करणाऱ्यालाही मिळते, कमाई पुरत नसेल तर. माझा नवरा गेला तेव्हा चार वर्षं घेत होते मी. दिवसभर बटाटे सोलायचे आणि तरी घ्यायचे."

"माझ्यापेक्षा दुसऱ्यांना जास्त गरज असेल, बेव्ह."

"दुसरे म्हणजे कोण? एक नाव सांग."

मग तिने नियम समजावून सांगितला. स्वतःचा धंदा असेल तर तोच आपला खरा पोटापाण्याचा धंदा आहे हे त्यांना पटवून द्यावं लागतं. आणि तो वाढवायची खटपट चालू आहे हेही. पटलं, तर एक वर्ष सवड देतात, कमाई कमी असली तरी मदत चालू ठेवतात. नाही पटलं, तर म्हणतात, हे किरकोळ आहे, दुसरी नोकरी शोध.

हा धंदा बाबांचा. बावीस वर्षं त्यांनी याच गल्ल्यांतून शिडी वाहिली, गुडघे गेले तेव्हा माझ्या हातात दिली. दोनच गोष्टी शिकवल्या. एक, काच बघायची, काचेपलीकडचं बघायचं नाही. दुसरी, कोणी विचारलं तर बरं चाललंय म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भर उन्हाळ्यात सुद्धा त्यांनी कुणाच्या दारात ग्लासभर पाणी मागितलं नाही.

मार्नी शाळेतून यायच्या आत अर्ज भरला. सगळे प्रश्न पटापट झाले. एकच राहिला. तुमच्यासोबत जोडीदार राहतो का? हो आणि नाही असे दोन चौकोन. तिथे वीस मिनिटं बसले. मग चहा केला, मग परत बसले. मग "नाही"वर खूण केली आणि खूप रडले. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचणार आहे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आठ घरं, शेवटचं मिसेस पिकरिंगचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, बाबांच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आजवर महिन्यातून एकदा पुसून घ्यायच्या. आज म्हणाल्या, "पोरी, यापुढे दर पंधरा दिवसांनी येत जा. या सीगल पक्ष्यांनी नुसता वैताग आणलाय."

सीगलनी घाण केलेली मला तरी दिसली नाही. म्हातारपणी माणसं चिकित्सक होतात. आतमध्ये कोट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून बसल्या होत्या. मी काच बघितली, पलीकडचं बघितलं नाही. पैसे देताना मार्नीसाठी दोन बिस्किटं कागदात बांधून दिली. म्हटलं, कशा आहात? म्हणाल्या, मस्त.

शाळेतून चिठ्ठी आली. मार्नी पळण्याच्या तासाला बाकावर बसून राहते. विचारलं, काही होतंय का? म्हणाली, ठीक आहे, मला आता पळायला आवडत नाही. गेल्या वर्षी शर्यतीत दुसरी आली होती. मुलांच्या आवडीनिवडी बदलत असतात.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मदतीच्या ऑफिसात मुलाखत. काम नाही. (दोन घरं उद्यावर ढकलली.)

बाबांच्या अंत्यविधीला घेतलेलं काळं जॅकेट घातलं. दारिद्र्याचं प्रदर्शन मांडल्यासारखं दिसायला नको. मिस्टर ऑग्डन म्हणून आहेत, चाळिशीचे, टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची डबी. मला उगाच वाटत होतं की कोणी खेकसेल. तसं काही नाही, सभ्य माणूस.

पहिलाच प्रश्न, "मग, कसं काय चाललंय, मिसेस मॉसन?"

म्हटलं, "बरं चाललंय. तक्रार नाही."

"आठवड्याला किती तास काम होतं?"

"तास कसले हो. नुसत्या चार खिडक्या पुसते."

त्यांनी टाइप केलं. "धंदा वाढवायचा विचार आहे?"

"छे, आहे ते पुष्कळ आहे. लोकांच्या दारात जाऊन उगाच त्रास कशाला द्यायचा?"

"एकटीने मुलीचं बघताना काही अडचण?"

"मुळीच नाही. फार गुणी आहे ती."

माझ्याकडे बघत राहिले. "नक्की? सांगण्यासारखं दुसरं काही नाही?"

"काही नाही. तुम्ही किती गडबडीत असाल, तुमचा वेळ घेतला."

"रोजची काही नोंद ठेवता?"

ही डायरी पिशवीतच होती. पण तिच्यात काय काय लिहिलंय ते आठवलं आणि म्हटलं, विशेष काही नाही.

बाहेर आले तेव्हा मोकळं वाटलं. एकदासुद्धा रडगाणं गायलं नाही. बाबा असते तर पाठ थोपटली असती. बेव्हने विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान झालं.

रात्री मार्नी जेवताना म्हणाली, "त्यांनी तुला काय विचारलं?"

"कसं चाललंय, ते."

"मग तू काय सांगितलंस?"

"बरं चाललंय."

तिने मान हलवली आणि ताटली पुसून बीन्स संपवले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सात घरं. नऊ ते दोन. पत्र आलं ते व्हॅनमध्ये बसून वाचलं. दोनदा वाचलं.

खिडक्या पुसणं हा माझा मुख्य धंदा धरता येत नाही. सवडीचं वर्ष मिळणार नाही. मी आठवड्याला तीस तासांची नोकरी शोधली पाहिजे, तरच मदत. खाली एका जागेची माहितीही दिली होती. कोंबड्या पॅक करायचा कारखाना, दुपारी दोन ते रात्री दहा.

दुपारी दोन ते रात्री दहा. मार्नी सव्वातीनला सुटते.

बेव्ह जिन्याच्या पायरीवर बसून मोठ्यांदा वाचायला लागली. "'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार काम किरकोळ स्वरूपाचं आहे. वाढवण्याचा विचार नाही. कोणतीही अडचण नाही.' ही कुठली शहाणी बोलली असं?"

"मी."

बेव्हने पत्र मांडीवर ठेवलं. "हेली, डॉक्टरकडे जाऊन कोणी 'मी ठणठणीत आहे' म्हणून औषध मागतं का?"

"त्यांनी कसं चाललंय विचारलं. मग काय सांगायचं असतं?"

"जे चाललंय ते."

"असं कोण सांगतं?"

या गावात मी कधी कुणाला "वाईट चाललंय" म्हणताना ऐकलेलं नाही. हॅरी टोपलिसचं घर जळलं तेव्हा रस्त्यावर चादर पांघरून उभा होता आणि म्हणत होता, याहून वाईट होऊ शकलं असतं.

"बोलणाऱ्याचा कोंडा खपतो," बेव्ह म्हणाली, "आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तुझे तर गहू होते." महिन्याभरात फेरविचार मागता येतो असं तिने पत्राच्या मागून शोधून काढलं. सोबत पुरावा पाहिजे.

दिवसभर मिस्टर ऑग्डनवर चडफडत होते. आता शांत बसून आठवलं तर त्या माणसाने मी बोलले तेच लिहिलंय. आणि मी काय बोलले, तर स्कॉटचं वाक्य. तो डॉनकास्टरला गेला आणि त्याचं वाक्य माझ्या तोंडात ठेवून गेला.

स्कारबरोचा एकजण उन्हाळ्यापासून मागे लागलाय, तुझी सगळी गिऱ्हाइकं मला विक म्हणून. आज त्याचा परत फोन होता. कळवते म्हणाले.

सोमवार, ७ ऑक्टोबर

नऊ घरं. साडेआठ ते अडीच. फेरविचाराचा अर्ज टाकला.

मग बेव्हच्या सांगण्यावरून नवी गिऱ्हाइकं मिळवायला निघाले. नव्या वसाहतीत सात दारं ठोठावली. पहिल्या दारातला माणूस म्हणाला, आमच्या खिडक्या तशा स्वच्छच आहेत. म्हटलं, हो, छानच आहेत, आणि परत फिरले. दुसऱ्या दारात बाई म्हणाली, आत्ता गडबडीत आहे. म्हटलं, काही घाई नाही, नाही पुसल्या तरी चालेल. सात दारं, सात जणांच्या खिडक्यांची तारीफ केली, एकही काम नाही. आपल्याच धंद्याच्या मुळावर उठलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज परत नव्या वसाहतीत गेले, मार्नीला घेऊन. शनिवारी तिला कुठे ठेवणार.

पहिल्या दारात मी सुरुवात केली, "तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, पण..." एवढ्यात मार्नी मध्येच बोलली, "माझी आई खिडक्या खूप चांगल्या पुसते. तुमच्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे."

बाईने वर बघितलं. जाळं होतं. काम मिळालं.

मग प्रत्येक दारात तेच. मी तोंड उघडायच्या आत पोरगी जाळं, सीगल नाहीतर डाग शोधून काढायची. चार घरं मिळाली. एक म्हातारा म्हणाला, "ही पोर तुमची मॅनेजर का?" मार्नी म्हणाली, "हो."

परतताना मागे पडायला लागली. शेवटी एका कठड्यावर बसून राहिली. म्हटलं, दमलीस? म्हणाली, पायात गोळे आलेत. बुटाच्या मागच्या कडा टाचेखाली दाबून सपाता घातल्यासारखी चालत होती. बूट नीट घाल म्हणून मी ओरडले, मग वाईट वाटलं. म्हणाली, ठीक आहे, आई. हिने कधी म्हणून कसली तक्रार केली नाही. या बाबतीत अगदी माझ्यावर गेलीय.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आठ घरं, त्यात नवी दोन. साडेआठ ते तीन. मार्नीला घ्यायला पाच मिनिटं उशीर.

ऑफिसातून बोलावणं आलं, येत्या मंगळवारी. कामाच्या तासांची रोजची लेखी नोंद असेल तर आणा.

नोंद आहे. हीच. दुसरी कुठलीच नाही.

ही अशी कशी देऊ? म्हणून संध्याकाळी नवी वही आणली आणि स्वच्छ अक्षरात उतरवायला बसले. तारीख, घरं, वेळ. बाकीचं गाळलं. दोन तासांत पाच आठवडे झाले. बेव्हला दाखवली.

"एकच पेन, एकच अक्षर, पाच आठवड्यांत चहाचा एक डाग नाही," बेव्ह म्हणाली. "हे बघून शेंबडं पोरही सांगेल की काल रात्री बसून रचलंय."

"पण आकडे खरे आहेत."

"आकडे खरे असतील. वही खोटी आहे."

मग ठरवलं, खाजगी पानं फाडून टाकायची. बघते तर ९ तारखेची नऊ घरं आणि स्कॉट एकाच पानावर. १२ तारखेच्या रडण्यामागच्या बाजूला १७ची आठ घरं. रडणं फाडलं तर काम जातं. फाडण्यासारखं एकही पान मिळालं नाही.

म्हणजे एकतर हे सगळं एका परक्या माणसासमोर उघडं टाकायचं, नाहीतर बाबांचा धंदा स्कारबरोवाल्याला विकून दुपारी दोन ते रात्री दहा कोंबड्या पॅक करायच्या आणि पोर कुणाच्या तरी दारात बसवायची. लिहिल्यावर सोपं वाटतं. सोपं नाही. मला कपडे काढून गल्लीत उभं राहिल्यासारखं वाटतंय.

मिस्टर ऑग्डन, तुम्ही हे वाचत असाल तर, सभ्य माणूस म्हटलंय ते आधीच लिहिलेलं आहे. तुम्हाला खूश करायला लिहिलेलं नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

पाच घरं, साडेआठ ते साडेअकरा. मग ऑफिस. आज काळं जॅकेट नाही, कामाच्याच कपड्यांत गेले.

डायरी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "यात कामाव्यतिरिक्त पण आहे. ते सोडून वाचा."

म्हणाले, "मला कसं कळणार कुठलं काय आहे? पहिल्यापासून वाचावं लागेल."

"मग वाचा."

पंचवीस मिनिटं वाचत होते. एक गोळी तोंडात टाकली, मग दुसरी. मी समोरच्या खिडकीकडे बघत बसले. कोणीतरी साबण नीट न निपटता पुसली होती, खाली सगळे ओघळ. मध्येच ते एकदा हसले, बहुतेक सात दारांच्या पानाला. मग हसायचे थांबले आणि मागची पानं चाळायला लागले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आयुष्यभर लोकांच्या काचेबाहेर उभी राहिले, कुणी माझ्या आत बघितलेलं आठवत नाही.

शेवटी म्हणाले, "मी बेरीज केली. घरं, येणं-जाणं, फडकी धुणं, फोन. आठवड्याला चौतीस-पस्तीस तास होतात. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, नुसत्या चार खिडक्या."

"स्कॉट म्हणायचा तसं."

"स्कॉटचा अर्ज माझ्यासमोर नाहीये."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "परत सुरुवात करू. कसं चाललंय, मिसेस मॉसन?"

बरं, एवढं ओठांवर आलंच होतं. खोटं कशाला सांगू, अगदी आलं होतं. मग डायरीकडे बघितलं. तिच्यात सगळं आधीच होतं, आता झाकायला उरलं काय होतं.

म्हटलं, "वाईट चाललंय. भाडं दोन आठवडे थकलंय. घरमालकाला दिसू नये म्हणून मी मागच्या दाराने जाते. काम मला येतं, चांगलं येतं, वाढवायचं पण आहे. गेल्या दहा दिवसांत चार घरं नवी धरली. पण पोरीला सव्वातीनला घ्यावं लागतं आणि दिवस लहान होत चाललेत. मी कुणाला सांगत नाही, पण मला भीती वाटते."

टाइप करायचा आवाज बराच वेळ येत होता. मग म्हणाले, "पत्र रीतसर येईल. मी काय लिहितोय ते आत्ता सांगतो. हा तुमचा मुख्य धंदा आहे. एक वर्ष सवड. नोकरी शोधायची अट नाही. दर महिन्याला जमाखर्च कळवायचा आणि मला येऊन भेटायचं. आणि भेटाल तेव्हा हे असं बोलायचं."

मी थँक यू म्हटलं. तीनदा म्हटलं बहुतेक. उठले, डायरी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती सोडली नाही.

"एक विचारू? अर्जाशी याचा काही संबंध नाही. मुलीच्या बुटांचा नंबर काय?"

"तेरा."

"हा गेल्या वर्षीचा?"

"हो. का?"

डायरी माझ्याकडे फिरवून त्यांनी बोट ठेवलं. ९ सप्टेंबर. मग १७. मग १२ ऑक्टोबर. तिन्ही ठिकाणी माझंच अक्षर. "मला दोन मुली आहेत," म्हणाले. "म्हणून विचारलं."

शाळेपर्यंत व्हॅन कशी चालवली ते आठवत नाही. घरी आल्यावर तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि डावा बूट काढला. मोज्यात अंगठ्याजवळ टिश्यू पेपरची घडी होती. अंगठा आत वळलेला. नख काळं पडलेलं.

"कधीपासून?"

"ठीक आहे, आई."

"ठीक नाहीये, मार्नी."

ती पायाकडे बघत राहिली. "मी सांगणार होते. पण डॅडी डॉनकास्टरला गेल्यापासून तू सगळ्यांना बरं चाललंय म्हणतेस ना. मग मीपण म्हणायला लागले."

मी तो पाय मांडीवर घेऊन बसले. सहा आठवडे मी हे स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि वाचलं एका परक्या माणसाने. काच बघायची, पलीकडचं बघायचं नाही. बाबांनी गिऱ्हाइकांसाठी सांगितलं होतं, मी घरातसुद्धा तेच केलं. बाबा, तुमचा नियम मी आजपासून मोडला.

तिला म्हटलं, "मी आज त्या ऑफिसातल्या माणसाला खरं सांगितलं."

"काय?"

"की वाईट चाललंय."

"मग तो रागावला?"

"नाही. लिहून घेतलं."

बुधवार, २३ ऑक्टोबर

सहा घरं. साडेआठ ते साडेबारा.

मग मिसेस पिकरिंगकडे गेले; आज त्यांची पाळी नव्हती, मीच मुद्दाम गेले. त्या कोट-मफलरातच होत्या. या वेळी बेल दाबून आत गेले आणि विचारलं, हीटर का बंद आहे? म्हणाल्या, मला थंडी वाजतच नाही. मी म्हटलं, मला वाजतेय. मग म्हणाल्या, तुझा नवरा गेला, तर दर पंधरा दिवसांच्या खिडक्यांचे पैसे कुठून तरी काढायला नकोत का, पोरी. सीगल नव्हते. कधीच नव्हते. म्हटलं, आता महिन्यातून एकदाच पुसणार, आणि चहाला मात्र दर आठवड्याला येणार, हीटर लावलेला असेल तरच. त्यांनी खूप वाद घातला. मी ऐकलं नाही.

शाळा सुटल्यावर मार्नीला घेऊन बुटांच्या दुकानात. स्कॉटला सकाळीच फोन करून सांगितलं होतं, निम्मे पैसे तू देणार. मागितले मी. तो म्हणाला, बरं.

दुकानातल्या मुलीने पाय मोजला. दीड नंबर वाढलाय. काळ्या पट्ट्याचे बूट घालून मार्नी आरशापर्यंत जाऊन आली. मुलीने विचारलं, "कसे वाटतायत?"

"ठीक आहेत," मार्नी म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "डावा टोचतोय. दुसरा दाखवा."